नानांचं बोट आणि रोमचा अंगठा

हरलेल्या माणसाच्या जगण्यामरण्याचा निकाल हजारोंची गर्दी एका अंगठ्याने लावते, याहून करुण आणि याहून भव्य दृश्य मानवजातीच्या इतिहासात दुसरं नाही.

हे वाक्य माझं नाही. माझ्या सासऱ्यांच्या भाषणाचं ते पहिलं वाक्य होतं, पुढे खोडून काढण्यासाठीच घेतलेलं. ते त्यांनी व्हर्जिनियातल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, समोसे खाणाऱ्या मराठी लोकांसमोर, माइक बंद असताना म्हटलं. माइक सुरू झाल्यावर पुन्हा म्हटलं. तोवर भव्यता थोडी कमी झाली होती.

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणत असू. अमरावतीच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून ते निवृत्त झाले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे हर्नडनला राहायला आले. मुलीकडे अमेरिकेत आलेल्या वडीलधाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सुरुवातीला राजधानीतली स्मारकं दाखवून होतात, मग एखादा धबधबा, आणि त्यानंतर उरतो तो अपार्टमेंटमधला गालिचा. वॉशिंग्टनमधले ते पांढरे खांब आणि घुमट पाहून नाना म्हणाले, "रोम बुडालं तेव्हा सामान इकडे हलवलेलं दिसतं." धबधबा पाहून काही म्हणाले नाहीत. मग गालिच्यावर सतरंजी टाकून त्यांनी आमच्या गावातल्या वाचनालयातून आणलेली जाड पुस्तकं वाचायला घेतली. आम्ही दोघं सकाळी कामावर जायचो, मुलगी शाळेत जायची, आणि नाना प्राचीन जगात जायचे. संध्याकाळी सगळे एकदमच घरी परतायचे.

मुलगी तेव्हा पाचवीत होती. शाळेत त्यांचा रोमवर प्रोजेक्ट चालू होता. अमेरिकेत कोणत्याही संस्कृतीचा अभ्यास बुटांच्या खोक्यात होतो; इजिप्त त्या खोक्यात मावलं होतं, आता रोमची पाळी होती. तिने खोक्यात पिवळी वाळू ओतली, कडेने बघे चिकटवले, मध्ये टूथपिकच्या तलवारी घेतलेले दोन मातीचे गडी उभे केले. एक आडवा, एक उभा. वरच्या कठड्यावर जांभळ्या कापडातला राजा, आणि त्याचा एक हात पुढे, अंगठा खाली.

नानांनी चष्मा कपाळावर चढवून ते खोकं नीट पाहिलं.

"हा अंगठा खाली कोणी केला?"

"मी. किल हिम असं म्हणतोय तो."

"तुला कोणी सांगितलं?"

"एव्हरीबडी नोज, आजोबा."

नानांना हे वाक्य सहन होत नसे. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी खोडून काढणं हा त्यांचा नोकरीतला एकमेव आनंद होता, पगार बेताचाच. त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि सांगितलं की अंगठा कुठे होता ते कोणालाही माहीत नाही. जुन्या लॅटिन लेखकांनी 'अंगठा वळवला' एवढंच लिहून ठेवलंय. कुठे वळवला, हे लिहायची त्यांना गरज वाटली नाही, कारण वाचणाऱ्यांनी तो स्वतः वळवलेला होता.

"आपण नाही का लिहीत, त्याने मान हलवली म्हणून," नाना म्हणाले. "हो म्हणाला की नाही म्हणाला, ते पुढच्या हजार वर्षांनी कोणी आलं तर त्याला कसं कळणार?"

"मग खाली कोणी केला?"

"एका फ्रेंच चित्रकाराने. गेल्या शतकात. चित्र मोठं होतं, त्यामुळे लोकांना पटलं."

मग त्यांनी तिला खरोखर माहीत असलेल्या गोष्टी सांगितल्या. हरलेला गडी ढाल टाकायचा आणि एक बोट वर करायचा. त्याचा अर्थ, पुरे, मला सोडा. कोरीव चित्रांत ते बोट स्पष्ट दिसतं. त्याला सोडावं असं वाटलं तर लोक रुमाल किंवा कपड्याचं टोक हलवत असावेत. आणि निकाल गर्दी देत नसे, खेळ भरवणारा देई. तो फक्त गर्दीकडे बघे. त्याला पुढे निवडणूक लढवायची असे, आणि मारलेल्या गड्याची पूर्ण किंमत त्या गड्याच्या मालकाला मोजून द्यावी लागे, म्हणून मरण त्याला सहसा परवडत नसे. हरलेले पुष्कळसे जिवंत घरी जात.

"दॅट्स बोरिंग," मुलगी म्हणाली. पण तिने राजाचा अंगठा मोडून काढला. राजा मुठीवर आला. खोक्यातल्या आडव्या गड्याचा हात तिने सोडवून वर केला आणि त्याला कणकेचं एक बोट लावलं.

शाळेत काय झालं ते तिने जेवताना सांगितलं. बाईंनी विचारलं, राजाचा अंगठा कुठे गेला? तिने सांगितलं, नोबडी नोज. वर्ग हसला. मग सगळ्या वर्गाने तिच्या दिशेने अंगठे खाली केले. त्यात आमच्या मराठी मंडळातल्या दोन मुली होत्या, ज्यांच्याबरोबर ती दर दिवाळीला नाचायची. बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, "इंटरेस्टिंग." हा शब्द या देशात कुठे वापरतात हे तोवर तिला कळू लागलं होतं.

"आजोबा, आर यू शुअर?"

नानांचा घास हातात राहिला. इतकी वर्षं वर्गात उभं राहून त्यांनी अशोक शिकवला, अकबर शिकवला, फ्रेंच राज्यक्रांती तर दरवर्षी केली. कोणी कधी विचारलं नव्हतं, सर, नक्की ना.

"शुअर," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, तुमच्या मंडळात भाषण करायचं असेल तर कोणाला भेटावं लागतं?"

आमचं मंडळ म्हणजे हर्नडन आणि आसपासच्या मराठी लोकांनी संसारातून वेळ काढून चालवलेलं एक छोटं साम्राज्य होतं. त्याला घटना होती, कार्यकारिणी होती, दोन गट होते. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. कार्यक्रमाला ते जरीकाठी उपरणं घेत आणि पुढच्या रांगेत एका टेबलामागे बसत. टेबलावर पूजेची घंटा. वक्तृत्व स्पर्धेत वाजवतात तशी ती घंटा: एकदा वाजली की आवरतं घ्या, दुसऱ्यांदा वाजली की बसा. अध्यक्षांनी ती कधी वाजवल्याचं कोणाला आठवत नव्हतं, पण ती हातात घेऊन ते फार छान दिसत.

मी त्यांना फोन लावून दिला. नानांच्या बाजूचं बोलणं मला ऐकू आलं, आणि स्पीकरवर असल्यामुळे अध्यक्षांच्या बाजूचंही.

"काका, अवश्य. आम्हाला आनंदच आहे. मुलांचा डान्स झाला की जेवणाच्या आधी दहा मिनिटं देतो. विषय काय?"

"रोममधले ग्लॅडिएटर."



"दिवाळीला?"

"दिवाळीला."

"थोडं दिवाळीशी कनेक्ट करता आलं तर बरं होईल, काका. कमिटीत लोक विचारतात."

"नरकासुर हरलेलाच होता ना," नाना म्हणाले.

"हां," अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. "मग चालेल."

माझ्या बायकोला यातलं काहीच चालणार नव्हतं. तिला वडिलांची भाषणं लहानपणापासून माहीत होती.

"अहो, त्यांना सांगा ना, फक्त अंगठ्याचं बोला म्हणावं. ते रोमच्या स्थापनेपासून सुरू करतील."

"तूच सांग. तुझे वडील आहेत."

"माझं ऐकलं असतं तर मी आर्ट्सला गेले असते."

मी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, पार्श्वभूमी दिल्याशिवाय अंगठा कळत नाही. त्यांनी फुलस्केप कागदांवर भाषण लिहून काढलं. रोमची स्थापना पहिल्या कागदावर होती. अंगठा चौथ्यावर होता. पाचव्यावर ग्लॅडिएटरांचा आहार होता, तो त्यांच्या मते कोणी नीट सांगत नाही. मुलीला त्यांनी सांगून ठेवलं, "तुझ्या त्या दोन मैत्रिणींना पुढे बसव."

कार्यक्रमाच्या दिवशी कॅफेटेरियातली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर फळं आणि भाज्या खाण्याचे फायदे सांगणारी पोस्टरं होती, त्यांच्यावर मंडळाने झेंडूच्या कागदी माळा सोडल्या होत्या. शाळेत ज्योत पेटवायला बंदी होती. त्यामुळे समईत ख्रिसमसच्या सेलमध्ये मिळणाऱ्या विजेच्या मेणबत्त्या बसवल्या होत्या, आणि दीपप्रज्वलन म्हणजे प्रमुख पाहुण्यांनी भिंतीतलं बटण दाबणं. प्रमुख पाहुणे म्हणून काउंटीच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळावरचे एक गोरे गृहस्थ आणले होते. त्यांना कपाळावर गंध, खांद्यावर शाल आणि हातात नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी तो सबंध संध्याकाळ मांडीवर बाळासारखा धरून ठेवला. पुढच्या वर्षी त्यांची निवडणूक होती. आमच्या अध्यक्षांची त्याच दिवशी होती, जेवणानंतरच्या वार्षिक सभेत.

मागच्या रांगांत पोरं बसली होती. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून कॉन्ट्रॅक्टवर आलेली, चौघांत एक अपार्टमेंट घेऊन राहणारी, आठवडाभर फ्रोझन पिझ्झा खाणारी. ती संस्कृतीच्या ओढीने येतात असं अध्यक्ष दरवर्षी भाषणात सांगत. पोरांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यांच्या नजरेवरून कळत होतं. नजर स्वयंपाकघराच्या दारावर होती. दारामागे मसालेभात, वालाची उसळ आणि जिलेबी गरम ठेवली होती, आणि दर वेळी कोणी दार उघडलं की वास थेट मागच्या रांगेत जाई.

मुलांचा डान्स झाला. मग निवेदिकेने नानांची ओळख करून दिली. ओळख मंडळाच्या पद्धतीप्रमाणे लांबली, त्यामुळे दहा मिनिटांतली बरीचशी नानांच्या कर्तृत्वावर खर्च झाली. मग ते स्टेजवर जाऊन उभे राहिले, स्वच्छ पांढरं धोतर, कोट, आणि कोटाच्या खिशात ते कागद. माइकचं मी सांगितलंच आहे.

मुलगी पहिल्या रांगेत दोन मैत्रिणींच्या मध्ये बसली होती. नानांनी पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा तिने एकीला कोपराने ढोसलं.

मग नाना रोमच्या स्थापनेकडे वळले.

ते वाईट बोलत नसत. प्रश्न इतकाच होता की ते वर्गात बोलत असल्यासारखे बोलत, आणि वर्गाला तास संपेपर्यंत बाहेर जाता येत नाही. टायबर नदी, सात टेकड्या, मग एकामागून एक राजे. राजे संपले तेव्हा पहिला कागद संपला. माझी बायको माझ्या हाताला नखं लावून बसली होती. अध्यक्षांनी घंटा उचलली, नानांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, वडीलधारा माणूस, खाली ठेवली. पुन्हा उचलली आणि मान वळवून सभागृहाकडे पाहिलं. सभागृहाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची ती मान अर्धवट वळलेली बघून मला नानांनी सांगितलेल्या त्या खेळ भरवणाऱ्याची आठवण झाली. दोघांनाही मतं हवी होती.

स्वयंपाकघराचं दार कोणीतरी उघडं ठेवून दिलं.

"यार, बसवा ना यांना कोणीतरी," मागून आवाज आला, हळू, पण कॅफेटेरियात सगळं ऐकू येतं.

"तूच बसव. तुझं गाव कुठलं, डोंबिवली ना? तिकडे रोज व्याख्यानं, तुम्हाला प्रॅक्टिस असते."

"आधी नागपूरकरांनी. काका विदर्भातले आहेत, होम टर्फ."

आणि मग टाळी सुरू झाली.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, मराठी माणसाला नाही. आपल्याकडे टाळ्या दोन जातींच्या असतात. एक कौतुकाची, ती पावसासारखी पडते आणि थांबते. दुसरी वक्त्याला खाली बसवायची. ती सुटी सुटी वाजते, एका ठेक्यात, चेहरा अगदी श्रद्धाळू ठेवून. वाक्य अर्धवट असताना वाजते ही तिची खूण. एका कोपऱ्यात सुरू होते आणि रांगेरांगेने पुढे येते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी मंत्री बसताना पाहिलेत, कवी बसताना पाहिलेत. ती ऐकल्यावर शहाणा माणूस 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणतो. अडाणी माणूस आभार मानून पुढे बोलतो, मग त्याचं काही खरं नाही.

अमेरिकेत वाढलेल्या मुलांना ही दुसरी जात माहीत नव्हती. त्यांच्या मते टाळी म्हणजे टाळी. पुढच्या रांगेतली सगळी मुलं आनंदाने ठेका धरून वाजवू लागली, आणि प्रमुख पाहुणे, ही इथली रीत असावी असं समजून, नारळ गुडघ्यांत दाबून धरून त्यांच्याबरोबर वाजवू लागले. अगदी तालात.

आमची मुलगी वाजवत नव्हती. ती मागे वळून आमच्याकडे बघत होती.

"तिला काही सांगू नका," बायको माझ्या कानात म्हणाली. "हसा. अहो, हसा."

आम्ही दोघं हसलो. मुलीने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर.

नाना थांबले होते. ते कोणत्या जातीतले वक्ते आहेत हे आता कळणार होतं, आणि मला आतून खात्री होती की ते पुढे बोलणार. अंगठा अजून दोन कागद लांब होता. त्यासाठी ते उभे होते. पुढच्या रांगेत त्या दोन मुली बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये नात. ते बसले असते तर अंगठा खालीच राहिला असता, त्या वर्गात आणि तिच्या डोक्यात. ते बोलत राहिले असते तर तिच्यादेखत जे व्हायचं ते झालं असतं. अध्यक्षांनी घंटेच्या लोलकाला बोट लावलं होतं, वाजू नये म्हणून की वाजवायला, ते सांगता येणार नाही.

नानांनी चष्मा काढला. हातातले कागद घडी घालून कोटाच्या खिशात ठेवले. मग उजवा हात वर केला, मूठ मिटलेली, आणि एक बोट सरळ वर.

सभागृहाला वाटलं, काका एक मिनिट मागतायत. एक मिनिट कोणीही देतो. टाळी थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, "हां, काका, एक मिनिट, चालेल," आणि दुसऱ्या कोणी त्याला गप्प केलं. ते बोट एका मिनिटाचं नव्हतं, हे त्या सगळ्या खुर्च्यांमध्ये फार थोड्यांना माहीत होतं.

"हरलेला माणूस असं बोट वर करायचा," नाना म्हणाले. बोट अजून वरच होतं. "एवढं आपल्याला माहीत आहे. मग लोक अंगठा दाखवायचे. तो खाली असायचा की वर, की मुठीत दडवलेला, ते कोणालाही माहीत नाही. शाळेत कोणी सांगितलं की माहीत आहे, तर त्याला विचारा, तुला कोणी सांगितलं. लोक सोडा म्हणत असतील तर रुमाल हलवत असावेत. एवढंच. आपणा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. नरकासुर राहिला."

आता बसावं तर माइक आणि खुर्ची यांच्यात स्टेजच्या तीन पायऱ्या होत्या, आणि कोणी हात द्यायला उठत नव्हतं. कौतुकाची टाळी वाजवावी तर आत्ताच दुसरी वाजवून झाली होती; लाज म्हणून नाही, पण लोकांना एवढ्या लवकर हात फिरवता येईना. नाना बोट वर धरून उभे.

तेवढ्यात पहिल्या रांगेत आमची मुलगी खुर्चीवर चढून उभी राहिली. समोशाबरोबर आलेला पेपर नॅपकिन तिच्या हातात होता, त्याला चिंचेची चटणी लागलेली. तो तिने डोक्यावर धरून हलवायला सुरुवात केली. हसत नव्हती. बसमधून कोणाला हात करावा तसं नाही, तर काम करावं तसं, एका लयीत. डाव्या बाजूच्या मैत्रिणीने तिच्याकडे पाहिलं आणि आपला नॅपकिन काढला. उजवीकडच्या मैत्रिणीला आपण मागे पडतोय असं वाटलं. मग सगळी रांग. मुलांना खुर्चीवर चढायला निमित्त हवंच असतं.

प्रमुख पाहुण्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मुलं उभी, रुमाल हलतायत. मतदारसंघात एकटं बसून राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते नारळासकट उठले, शाल सावरली आणि एका हाताने तिचं टोक हलवू लागले. पाहुणे उठल्यावर अध्यक्षांना बसता येईना. अध्यक्ष उठल्यावर कार्यकारिणी उठली, त्यात दोन्ही गट. त्यांच्या पाठोपाठ सगळं सभागृह खुर्च्या सरकवत उभं राहिलं, आणि उभं राहून नुसतं कसं राहायचं म्हणून टाळ्या वाजवू लागलं. पहिल्या जातीच्या. मागची पोरंही उभी होती. ती स्वयंपाकघराच्या दिशेने उभी होती, पण उभी होती.

नानांनी बोट खाली घेतलं. अध्यक्षांनी एवढा वेळ हातात धरलेली घंटा शेवटी वाजवली, विजयाने, देवळात वाजवतात तशी.

पुष्कळ बापांकडे तेव्हा कॅमकॉर्डर असायचे. त्यातल्या एकाने सगळं चित्रित केलं आणि पुढे टेप आमच्याकडे आली. ती टेप कोणीही पाहिली तरी त्याची खात्री पटेल की या भाषणाइतकं लोकप्रिय भाषण मंडळाच्या इतिहासात झालं नाही: मध्येच ठेक्यात टाळ्या, आणि शेवटी सगळी सभा उभी, गोरे गृहस्थसुद्धा शाल हलवतायत. मंडळाच्या वार्षिक अंकातही 'उपस्थितांनी उभं राहून मानवंदना दिली' असं छापून आलं. अंगठा खाली करणाऱ्या त्या फ्रेंच चित्रकाराला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. अध्यक्ष त्या संध्याकाळी पुन्हा निवडून आले.

जेवणाच्या रांगेत सर्वांत आधी कोण होतं ते सांगायला नको. नानांना पायऱ्या उतरून यायला वेळ लागला, मध्ये लोकांनी हात मिळवले. डोंबिवलीचा पोरगा ताट सांभाळत येऊन म्हणाला, "काका, मस्त बोललात," आणि नाना म्हणाले, "टाळीचा ठेका चांगला धरता तुम्ही. तबला शिकलायत का?" पोरगा लाजून भाताकडे गेला. प्रमुख पाहुणे जाता जाता नानांसमोर थांबले आणि दिलखुलास हसून त्यांनी अंगठा दाखवला, वर. नाना त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "इंटरेस्टिंग," ते म्हणाले.

आम्ही भिंतीकडेच्या टेबलाशी बसलो. मुलगी ताट घेऊन नानांच्या शेजारी आली.

"आजोबा, यू लॉस्ट, राइट?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "नाही गं," ती घाईने म्हणाली, "किती टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

"आई, त्यांनी बोट वर केलं."

आम्ही जे तिच्यापासून लपवण्यासाठी हसत बसलो होतो, ते तिला पहिल्या रांगेतून सरळ दिसलं होतं, आणि तिने त्यावर जे करायचं ते केलंही होतं.

"हरलो," नाना म्हणाले.

"बट दे लेट यू गो."

"सोडलं. बहुतेकांना सोडायचे."

"दॅट्स बोरिंग," मुलगी म्हणाली, आणि तिने आपल्या ताटातली जिलेबी त्यांच्या ताटात ठेवली. त्या दोन मैत्रिणी लांबून बघत होत्या. सोमवारी वर्गात त्यांचे अंगठे पुन्हा खालीच होते, असं तिने नंतर सांगितलं, पण एकीने बाईंना विचारलं होतं म्हणे, तुम्हाला कोणी सांगितलं.

नाना ताट घेऊन उठले आणि मी त्यांच्याबरोबर वाढायला गेलो. मसालेभात संपला होता. मागच्या रांगांनी तो संपवला होता. वालाची उसळ मात्र पातेलंभर उरली होती. घरची सवय सुटलेल्या लोकांना वाल कडू लागतात. नानांनी वाटीभर घेतली, उभ्यानेच खाल्ली, आणि पुन्हा घेतली.

ग्लॅडिएटर, हरलेले आणि जिंकलेलेही, मुख्यतः जव आणि कडधान्यं खात असत. हे पाचव्या कागदावर होतं.